कवळी, औषधी पाणी आणि ताकदीचा हिशेब

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी, संस्थेची वाटचाल आणि माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाच्या नोंदी याव्यात, हा प्रघात आहे. अशा अंकात इतिहासाच्या शिक्षकाने दातांच्या कवळीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कारण साधे आहे. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे पालक म्हणून सभेला येतात ते त्यांचे आजी-आजोबा. आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, किंवा पुण्या-मुंबईकडे रोजगारासाठी. मुलाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सुट्टीत नेणे-आणणे हे सारे या वृद्धांच्या अंगावर पडते. त्यांतील अनेकांच्या तोंडात कवळी असते आणि ती कशाने धुवावी याविषयी प्रत्येकाचे मत निराळे असते. कोणी ती उकळत्या पाण्यात टाकतो, कोणी डेटॉलमध्ये बुडवतो, कोणी रात्रभर ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवतो, तर कोणी राखुंडीने घासून लख्ख करतो. २०२० च्या महामारीने निर्जंतुक करण्याचे वेड घरोघरी पोहोचविले. तेव्हापासून सॅनिटायझरने कवळी पुसणारेही भेटू लागले. "सर, या औषधाच्या पाण्यानं कवळी ठिसूळ होते काय?" असे एका आजोबांनी विचारले. विज्ञानाच्या सरांकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते. परंतु प्रश्न मनात राहिला आणि त्याच्या मागे लागता लागता तो इतिहासाच्याही दारात येऊन उभा राहिला.

कवळी मोडणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. सोलापूरची ओळख कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांनी सांगितली जाते. कवळी मोडलेल्या माणसाच्या ताटातून या दोन्ही वस्तू त्याच दिवशी जातात आणि मऊ भात, दुधात कुस्करलेला पाव, पातळ आमटी यांवर त्याचे दिवस निघतात. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या पिढीचे दात लवकर गेले. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये; तोवर बऱ्याच जणांच्या हिरड्यांचे नुकसान होऊन गेले होते. हातावर पोट असलेल्या कुटुंबात दुसरी कवळी करणे म्हणजे रोजगार बुडवून चार-पाच खेपा दवाखान्याच्या आणि वर खर्च. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना द्यावयाच्या साधनांमध्ये काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीला कवळीचाही समावेश आहे. शासनाच्या लेखी कवळी ही चैन नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते. आहे ती टिकवावी कशी, हे मात्र देणाऱ्याने सांगितले पाहिजे आणि घेणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

आता इतिहास. कृत्रिम दात ज्यावर बसविलेले असतात आणि जी हिरडीला व टाळूला चिकटून राहते, ती कवळीची गुलाबी बैठक. आज ती ॲक्रिलिकची असते. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेत ती हस्तिदंतातून किंवा पाणघोड्याच्या दातातून कोरून काढीत. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची कवळी लाकडाची होती, ही लोककथा. प्रत्यक्षात पाणघोड्याचा दात, मानवी दात आणि धातू यांची ती होती. त्याच्या जमीनदारीच्या हिशेबवहीत १७८४ सालची एक नोंद आहे. नऊ दातांबद्दल कृष्णवर्णीय माणसांना १२२ शिलिंग दिल्याची ती नोंद होय. ते दात वॉशिंग्टनच्याच तोंडात बसले की नाही, हे नोंद सांगत नाही. परंतु गुलामीत जन्मलेल्या माणसाचे दातसुद्धा विकत घेण्याची वस्तू होती, हे ती निःसंशय सांगते. विकणाऱ्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य नव्हते, तेव्हा त्या व्यवहाराला खरेदी म्हणावे काय, हा प्रश्न मी दहावीच्या वर्गात विचारतो. उत्तर मुलेच देतात. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. श्रीमंतांच्या हास्यासाठी लागणारा माल असा गुलामांच्या आणि शिपायांच्या जबड्यांतून येत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गंधक घालून कडक केलेले रबर आले. त्याला व्हल्कनाइट म्हणत. ते स्वस्त होते, साच्यात बसत होते, आणि त्यामुळे कवळी प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मात्र पेटंटधारक कंपनीने प्रत्येक दंतवैद्याकडून परवाना शुल्क उकळावयास आरंभ केला आणि न देणाऱ्यांवर खटले भरले. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सॅम्युअल चाल्फंट नावाच्या, खटल्यांनी गांजलेल्या दंतवैद्याने गोळी घालून ठार केले. कवळीच्या बैठकीवरून माणसाचा खून झाल्याचे हे उदाहरण विचित्र वाटते खरे. एखाद्या वस्तूचे मूल्य ठरविताना तिच्या मालकीचा प्रश्न किती टोकाला जातो, हे दाखविण्यास याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. व्हल्कनाइट गडद रंगाचे, अपारदर्शक. हिरडीशी त्याचा मेळ बसत नसे.

१९३० च्या दशकात मेथिल मेथाक्रिलेटपासून बनणारे ॲक्रिलिक आले आणि १९३७ च्या सुमारास ते कवळीसाठी वापरात येऊ लागले. दहा वर्षांच्या आत त्याने रबराला जवळजवळ हद्दपार केले. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या पारदर्शक काचा याच पदार्थाच्या होत्या. वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेल्या त्याच्या कपच्यांनी डोळा बिघडत नाही, असे दिसून आल्यावर हॅरॉल्ड रिडली या इंग्रज शल्यविशारदाने १९४९ मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसविले. म्हणजे ज्या आजोबांच्या तोंडात ॲक्रिलिकची कवळी आहे, त्यांच्या डोळ्यातही त्याच कुळातील भिंग असू शकते. आपल्याकडे कवळीचे ॲक्रिलिक मुंबईत तयार होते; दंतवैद्यांच्या तोंडी 'डीपीआय' हे नाव असते ते डेंटल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या तिथल्या उत्पादकाचे.

ताकदीचा प्रश्न समजण्यासाठी ही बैठक बनते कशी, ते पाहणे आवश्यक आहे. एक पावडर असते आणि एक द्रव. पावडर म्हणजे आधीच साखळ्या झालेले ॲक्रिलिक. द्रव म्हणजे सुटे रेणू, ज्यांना मोनोमर म्हणतात. साधारण तीन भाग पावडर आणि एक भाग द्रव मिसळून कणकेसारखा गोळा होतो. तो प्लॅस्टरच्या साच्यात दाबून गरम पाण्यात शिजवितात. उष्णतेने सुटे रेणू एकमेकांचे हात धरतात व लांबलचक साखळ्या बनतात. हे शिजविणे संथ असावे लागते: ७४ अंश सेल्सियसला आठ तास, किंवा ७४ अंशांना दोन तास आणि मग उकळत्या पाण्यात एक तास. मोनोमर सुमारे १०० अंशांना स्वतःच उकळू लागतो. घाईने एकदम उकळी आणली तर आत बारीक बुडबुडे राहतात आणि बैठक जाळीदार होते. घाईने थंड केली तर आत ताण अडकून पडतो. मोनोमर साखळीत जाताना आकसतो; एकटा असता तर सुमारे २१ टक्के आकसला असता. पावडर मिसळल्याने हे आकसणे सुमारे ७ टक्क्यांवर येते.

कितीही नीट शिजविले तरी थोडा मोनोमर सुटा राहतोच. आयएसओ २०७९५ या आंतरराष्ट्रीय मानकाने उष्णतेने शिजविलेल्या ॲक्रिलिकसाठी त्याची मर्यादा २.२ टक्के ठेवली आहे. खोलीच्या तापमानाला आपोआप घट्ट होणाऱ्या प्रकारासाठी ती ४.५ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. या दुसऱ्या प्रकाराला दंतवैद्य 'सेल्फ क्युअर' किंवा 'कोल्ड क्युअर' म्हणतात. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला तासाभरात दात बसवून देणारे हाच प्रकार वापरतात. काही वेळा तर तो उरलेल्या खऱ्या दातांना पक्का चिकटवून टाकतात. मग ती कवळी काढताही येत नाही आणि धुताही येत नाही. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्येच झाला. तरीही हा धंदा चालतो, कारण जुनी शासकीय दंत महाविद्यालये आहेत मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, आणि खेड्यातल्या म्हातारीला ही सगळीच ठिकाणे लांबची आहेत. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

तयार कवळी किती मजबूत आहे, हे मोजण्याची रीत ठरलेली आहे. ६४ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि ३.३ मिलिमीटर जाड अशी ॲक्रिलिकची पट्टी करतात. ती ३७ अंशांच्या पाण्यात ५० तास ठेवतात. मग ५० मिलिमीटर अंतरावरील दोन आधारांवर आडवी ठेवून मध्यभागी भार वाढवीत नेतात, पट्टी मोडेपर्यंत. मोडतेवेळी तिच्यातील ताण किमान ६५ मेगापास्कल असावा. सेल्फ क्युअरसाठी ६० चालतो. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर साधारण शंभर ग्रॅम वजन. तेव्हा ६५ मेगापास्कल म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला साडेसहा किलो. ही ताकद थोडी नाही. पूर्ण कवळीवाल्या माणसाच्या चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या जोराच्या पावाएवढाच भरतो. मग कवळ्या मोडतात कशा?

बहुतेक वेळा वरची कवळी मध्यभागी, पुढच्या दोन दातांमधून टाळूकडे चिरत जाते. हिरडी काळानुसार झिजते, बैठक खाली टेकत नाही, आणि प्रत्येक घासागणिक ती किंचित वाकते. एका घासाने काही होत नाही. परंतु लाखो घासांनी, तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तशी, ती थकते. ओठाच्या शिरेसाठी पुढे ठेवलेल्या खाचेतून चीर सुरू होते. दुसरे कारण म्हणजे धुताना हातातून निसटून फरशीवर पडणे. जाडीचाही संबंध मोठा आहे. पट्टीची जाडी निम्मी केली तर ती पेलणारा भार पावावर येतो. चाचणीतील पट्टी ३.३ मिलिमीटरची, आणि तोंडातल्या कवळीची टाळूकडची बाजू बहुधा दोनच मिलिमीटर जाड असते. प्रयोगशाळेतील आकडा तोंडात जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

आता औषधी पाण्याकडे वळू. ॲक्रिलिक दिसते काचेसारखे घट्ट, पण ते पाणी पिते. आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी ते हळूहळू शोषून घेते. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना जरा सैल करतात. त्यामुळे नव्या कवळीची ताकद पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत थोडी उतरते आणि मग स्थिर होते. म्हणजे निव्वळ पाण्यानेही थोडा फरक पडतोच. औषधाचा परिणाम मोजताना म्हणून तुलना कोरड्या पट्टीशी न करता, तेवढाच काळ साध्या पाण्यात ठेवलेल्या पट्टीशी केली पाहिजे. ज्या अहवालात ही तुलना नसेल, तो मी बाजूला ठेवतो. एकाच बाजूच्या बखरीवर इतिहास लिहू नये, असे आमचे प्राध्यापक सांगत. तोच नियम येथे लागू पडतो.

निर्जंतुक द्रावणे एकाच जातीची नाहीत. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे घरगुती ब्लीच. ते बुरशी व जंतूंना मारते आणि त्यांनी बनविलेला चिकट थरही विरघळविते. ॲक्रिलिकच्या आत ते फारसे शिरत नाही. त्याचा मारा पृष्ठभागावर, विशेषतः गुलाबी रंगावर होतो. जास्त वेळ राहिल्यास रंग उडतो. कवळीला कोबाल्ट-क्रोमियमची तार किंवा जाळी असेल, तर हायपोक्लोराइट त्या धातूला खाते. क्लोरहेक्सिडिन ॲक्रिलिकला धक्का लावत नाही. मात्र वारंवार वापराने तपकिरी डाग पडतात. ग्लुटाराल्डिहाइडचे दोन टक्क्यांचे द्रावण दवाखान्यात व प्रयोगशाळेत वापरतात. ते घरात आणण्याची वस्तू नव्हे. अंगाला, डोळ्यांना आणि श्वासाला ते त्रासदायक आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या पाण्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून मळ सैल करतात. त्या कोमट पाण्यात वापरल्या तर ताकदीवर फारसा परिणाम होत नाही. परंतु अतिगरम पाण्यात त्या टाकल्या की कवळी पांढुरकी पडते, असे १९८० च्या दशकातील ब्रिटिश संशोधनात दाखविले गेले. पांढुरके होण्यात मोठा वाटा गरम पाण्याचा होता, बिचाऱ्या गोळीचा कमी. या गोळ्या तोंडात टाकण्यासाठी नाहीत, हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे. त्यांतील परसल्फेटमुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये तसा इशारा दिला होता.

खरे शत्रू दुसरेच आहेत. पहिला अल्कोहोल. ते साखळ्यांच्या मधे पाण्यापेक्षा सहज शिरते आणि आत अडकलेला ताण मोकळा होताना पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. डोळ्यांना ते दिसेलच असे नाही. उजेडात तिरपे धरले तर धुरकट चमक दिसते. यांतील प्रत्येक भेग म्हणजे पुढच्या चिरेचा आरंभ. सत्तर टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर हातासाठी आहे, कवळीसाठी नाही. दुसरा शत्रू फेनॉलच्या कुळातील द्रावणे. त्यांनी ॲक्रिलिकचा पृष्ठभाग मऊ होतो व त्याला बारीक खड्डे पडतात. फिनेल तर कोणी कवळीला लावणार नाही, पण डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉल हे याच कुळातील रसायन आहे, शिवाय त्यात अल्कोहोलही असते. जखम धुणे हे त्याचे काम. कवळी त्यात भिजत ठेवू नये. तिसरा शत्रू उष्णता. कवळीचे ॲक्रिलिक सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि सेल्फ क्युअर त्याहून कमी तापमानाला. उकळत्या पाण्यातून काढलेली कवळी दिसायला तशीच असते. तोंडात बसत नाही. न बसणारी कवळी अधिक वाकते आणि अधिक वाकणारी लवकर थकते. सोलापूरच्या वैशाखात पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवलेली कोरडी कवळीही सुरक्षित नाही, मग चुलीवरच्या पातेल्याचे काय सांगावे!

प्रयोगांचे निष्कर्ष पाहू. उष्णतेने नीट शिजविलेल्या ॲक्रिलिकच्या पट्ट्या एक टक्का हायपोक्लोराइट, दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड किंवा चार टक्के क्लोरहेक्सिडिन यांत दहा मिनिटे ठेवून मोडून पाहिल्या, तर साध्या पाण्यातील पट्ट्यांच्या तुलनेत ताकदीत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, असे अशा बहुतेक चाचण्यांचे सांगणे आहे. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले. उरलेले अर्धे 'दहा मिनिटे' या शब्दांत दडले आहे. कागदावर हिशेब मांडून पाहावा. रोज दहा मिनिटे या दराने वर्षाला ३,६५० मिनिटे, म्हणजे सुमारे ६१ तास होतात. रात्रभर ठेवणारा माणूस रोज आठ तास धरले तरी एका महिन्यात २४० तासांवर पोहोचतो. पहिल्याचे चार वर्षांचे काम तो महिन्याभरात उरकतो. दहा मिनिटांच्या चाचणीचा दाखला देऊन रात्रभराच्या सवयीला निर्दोष ठरविणे म्हणजे एका गावाच्या नोंदीवरून साऱ्या जिल्ह्याचा इतिहास लिहिण्यासारखे आहे. अमेरिकेतील कृत्रिम दंततज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही हायपोक्लोराइटमध्ये कवळी दहा मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये आणि ती कधीही उकळू नये, असेच म्हटले आहे.

याच्या उलट टोकाला जाऊन "मग औषध नकोच, नुसते पाणी बरे" असे ठरविणारेही आहेत. ते अधिक धोक्याचे. बैठकीची जी बाजू टाळूला लागते ती गुळगुळीत केलेली नसते. तिच्या बारीक छिद्रांत कॅन्डिडा नावाची बुरशी घर करते. टाळू लालबुंद होते, तोंडाचे कोपरे चिरतात, आणि म्हातारपणामुळे असे होते असे समजून कोणी बोलत नाही. मधुमेह असेल तर हे लवकर होते. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी झाली. रात्री कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आढळले. झोपेत लाळेबरोबर जंतू फुप्फुसात उतरतात. कवळी शाबूत आणि माणूस अंथरुणावर, असा व्यवहार कोणाच्या कामाचा?

घासण्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण ताकदीचा ऱ्हास अनेकदा भांड्यातल्या द्रावणापेक्षा हातातल्या ब्रशने होतो. कठीणपणा मोजण्याच्या नूप पद्धतीत दाताच्या एनॅमलचा आकडा सुमारे ३४० आहे, तर ॲक्रिलिकचा सुमारे २०. जी टूथपेस्ट दाताला ओरखडा काढीत नाही, ती ॲक्रिलिकवर नांगर चालविते. राखुंडी, मीठ, विटेची पूड, मिश्री यांचे तर बोलूच नये. ओरखड्यात मळ बसतो, मळासाठी अधिक जोराने घासले जाते, आणि पातळ झालेल्या जागी चीर धरते. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण किंवा अंगाचा साबण पुरेसा आहे. बोअरच्या जड पाण्याने कवळीवर पांढरे कीटण जमते. ते चाकूने खरवडू नये. पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून त्यात कवळी थोडा वेळ ठेवावी आणि मग ब्रश फिरवावा. संडास साफ करण्याचे ॲसिड वापरल्याचे एका पालकांनी मला अभिमानाने सांगितले होते. त्यांची कवळी चकचकीत झाली होती, हे मान्य; तरीही तसे कोणी करू नये.

घरी करावयाचे एवढेच. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून पाण्याने खळखळून धुवावी. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा ओला टॉवेल असावा, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. दिवसातून एकदा साबणाने घासावी. तार नसलेल्या कवळीसाठी ब्लीचचे पातळ द्रावण चालते: बाटलीवर सुमारे पाच टक्के लिहिलेले असल्यास वीस मिलिलिटर ब्लीच आणि १८० मिलिलिटर साधे पाणी. त्यात घड्याळ लावून दहा मिनिटे कवळी ठेवावी आणि नंतर वाहत्या पाण्याखाली चांगली धुवावी. हे द्रावण रोज ताजे करावे. उन्हाने व उकाड्याने त्याचा जोर उतरतो. विहिरीत टाकावयाची ब्लीचिंग पावडर वापरू नये, कारण तिच्यात चुना असतो व तिचे प्रमाण हातात राहत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कोणतेही ॲसिड एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तार असलेल्या कवळीसाठी दंतवैद्याला विचारून गोळी किंवा क्लोरहेक्सिडिन निवडावे. रात्री कवळी तोंडात न ठेवता साध्या पाण्याच्या झाकणाच्या डबीत ठेवावी. ती कोरडी पडली की शोषलेले पाणी निघून जाते आणि आकार किंचित बदलतो. प्रवासात डबी सांडण्याची भीती असेल, तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली तरी चालते.

एवढी काळजी घेऊनही कवळी कधी ना कधी मोडते. मोडल्यावर फेव्हिक्विकने चिकटविण्याचा मोह आवरावा. त्या गोंदाने कडा नेमक्या जुळत नाहीत, आणि नंतर दंतवैद्याला तो गोंद खरवडून काढताना मूळ कडाच नाहीशी होते. दुरुस्ती बहुधा सेल्फ क्युअर ॲक्रिलिकने होते. अशा जोडाला मूळच्या ताकदीच्या साधारण ६० ते ६५ टक्के ताकद मिळते, असे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. शिवाय जोडाची जागा पाणी आणि औषध दोन्ही अधिक पिते. म्हणून दुरुस्त केलेली कवळी औषधात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवू नये आणि ती त्याच जागी दुसऱ्यांदा मोडली, तर पुन्हा जोडीत बसण्यापेक्षा हिरडी झिजली आहे काय, हे तपासून घ्यावे. तुकडे दवाखान्यात नेताना सगळे न्यावेत, डबीत, पाण्यात; नखाएवढी कपचीसुद्धा फेकू नये, कारण तिच्याच आधारे तंत्रज्ञ दोन कडा एकमेकींशी जुळवितो.